पारी, करवंटी आणि पत्रा : भंगारातून घडवलेलं इंग्लिश व्हील

उकडीच्या मोदकाची पारी करताना उकडीचा गोळा आधी तळहातावर चपटा करतात. मग अंगठे आत, बोटं बाहेर ठेवून तो दाबत आणि फिरवत नेतात. दाब पडेल तिथे उकड पातळ होते. पातळ झालेली उकड पसरू पाहते, पण भोवतालचा काठ तिला पसरू देत नाही, म्हणून ती वाटीसारखी खोल होत जाते. शेवटी काठाला कळ्या पाडल्या की काठाचा घेर कमी होतो आणि तोंड मिटतं. पत्र्याला गोलाई देण्याचं सगळं काम या दोन क्रियांत आलं. मधला भाग ताणायचा आणि काठ आवळायचा. इंग्लिश व्हील हे यंत्र यातली पहिली क्रिया पोलादाच्या पत्र्यावर करतं. त्याला ना मोटर लागते ना वीज, आणि त्याचा बहुतेक ऐवज बंदराजवळच्या भंगाराच्या वखारीत पडलेला असतो.

कोकणात या यंत्राला काम भरपूर आहे. खाऱ्या हवेत मडगार्डची खालची कड, दाराचा तळ, रिक्षाच्या मागच्या पत्र्याचे कोपरे सगळ्यात आधी कुजतात. चालू मॉडेलचा भाग विकत मिळतो, पण बंद पडलेल्या जीपचा किंवा जुन्या बुलेटचा हवा तसा मडगार्ड मिळेलच असं नाही. मग सपाट पत्र्याचं ठिगळ मारून वर पुट्टीचा जाड थर चढवतात. पुट्टी आणि पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत. दोघांच्या सांध्याला केसासारखी चीर जाते, पाऊस आत शिरतो आणि ठिगळामागचा पत्रा आतून गंजू लागतो. ठिगळालाच मूळची गोलाई असली तर पुट्टी कागदाच्या जाडीएवढी पुरते आणि काम टिकतं.

सपाट पत्रा हट्टी का असतो

फणसाच्या पानाला पीळ देऊन हीर टोचली की पेज प्यायला द्रोण तयार होतो. पान कुठे ताणलं नाही, कुठे फाटलं नाही, तरी आकार आला. कारण द्रोण हा शंकूचा तुकडा आहे आणि शंकू उलगडला की पुन्हा सपाट होतो. पन्हळ, बादली, नरसाळं, गोल पाइप हे सगळे याच जातीचे आकार. असे आकार पत्रा नुसता वाकवून होतात. आता तेच पान करवंटीवर बसवून पाहा. कुठेतरी चुणी पडते, नाहीतर पान फाटतं. करवंटी एकाच वेळी दोन दिशांना वळलेली असते आणि अशी पाठ सपाट वस्तू नुसती वाकवून कधीच मिळत नाही. जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस याने १८२७ मध्ये हे सिद्ध केलं. पृष्ठभागावरची अंतरं बदलली नाहीत, तर पृष्ठभाग कितीही वाकवा, त्याची एक विशिष्ट वक्रता बदलत नाही. सपाट पत्र्याची ही वक्रता शून्य असते आणि करवंटीची शून्य नसते. मधली अंतरं बदलल्याशिवाय पत्रा करवंटी होणार नाही, आणि काठ तसाच ठेवायचा तर क्षेत्रफळही वाढवावं लागतं.

क्षेत्रफळ किती बदलावं लागतं याचा हिशेब सोपा आहे. ४०० मिमी व्यासाची चकती घ्या आणि काठ तसाच ठेवून मध्ये ४० मिमी खोलगट करा. चेंडूच्या कापाचं क्षेत्रफळ काढताना काठाच्या त्रिज्येच्या वर्गात खोलीचा वर्ग मिळवून त्याला π ने (सुमारे ३.१४ ने) गुणतात. म्हणजे वाढ ४० भागिले २००, त्याचा वर्ग, ४ टक्के. धातूचं आकारमान बदलत नसल्यामुळे जाडी सरासरी तेवढीच घटते आणि ०.९ मिमीचा पत्रा ०.८७ मिमी होतो. हाताला फरक कळणारही नाही. पण खोली दुप्पट केली, ८० मिमी, की वाढ १६ टक्के होते आणि जाडी ०.७८ मिमीवर येते. खोली दुप्पट झाली की ताण चौपट होतो, ही गोष्ट काम अंगावर घेण्याआधीच लक्षात घ्यावी. उथळ काम अर्ध्या तासात होतं आणि खोल काम पूर्ण दिवस खातं, त्याचं कारण हेच.

ही वाढ यंत्रात होते ती अशी. वर एक मोठं सपाट पाठीचं चाक, खाली एक लहान, किंचित पोट असलेलं चाक, आणि दोघांच्या चिमटीत पत्रा. खालच्या चाकाला पोट असल्यामुळे दोन्ही चाकं पूर्ण रुंदीभर टेकत नाहीत. स्पर्श होतो तो जेमतेम ६ मिमी लांब आणि अर्धा-पाऊण मिमी रुंद पट्टीवर, म्हणजे अंदाजे ४ चौरस मिमी. त्यावर २०० किलोचा दाब दिला की चौरस मिमीला ५० किलो पडतात. मऊ पोलादाचा पत्रा २५ किलोच्या आसपास हार मानतो आणि कायमचा दबतो. चिमटीत सापडलेला धातू चपटा होऊन बाजूला सरकतो, चाक पुढे जातं, आणि मागे एक अगदी सूक्ष्म ताणलेली पट्टी राहते. अशा शेकडो पट्ट्या शेजारी शेजारी पडल्या की पोट येतं. तांबट मठारकाम करताना हातोडीच्या ठोक्यांनी हेच करतो. व्हील म्हणजे न थांबणारं मठारकाम. ठोक्यांऐवजी चाक लोळत असल्यामुळे पाठ गुळगुळीत राहते.

फ्रेम : इथे काटकसर करू नये

यंत्राची फ्रेम उघड्या जबड्यासारखी असते. मागे उभा खांब, वर एक हात, खाली एक हात, आणि हातांच्या टोकांना चाकं. चाकांचे आस हातांना समांतर असतात, त्यामुळे पत्रा जबड्याच्या आडव्या दिशेने पुढेमागे सरकतो. चाकापासून खांबापर्यंतचं अंतर म्हणजे घसा. घशाएवढाच पत्रा आत जाऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला खोल घसा करायचा मोह होतो. तो आवरावा.

चाकांवर २०० किलो दाब आला की तेवढाच दाब जबडा उघडायला पाहतो. १०० × १०० मिमीची, ६ मिमी जाड चौकोनी नळी घेतली, खांबाच्या मध्यरेषेपासून चाक ४५० मिमीवर आणि दोन हातांच्या मध्यरेषांत ५०० मिमी अंतर ठेवलं, तर तोंड साधारण अर्धा मिमी उघडतं. हे चालतं. मापं तीच ठेवून ५० × ५० मिमीची, ३ मिमी जाड नळी वापरली तर तोंड पावणेआठ मिमी उघडतं. नळीची सगळी मापं निम्मी केली की वजन चौथाई होतं आणि ताठरपणा सोळाव्या हिश्श्यावर येतो. नुसतं तोंड उघडलं असतं तर स्क्रू आणखी पिळून भागलं असतं, पण हात वाकताना चाकंही कलतात. या बारीक नळीत दोन चाकांमधला कल सुमारे सव्वा अंश होतो. तेवढ्यानेही ६ मिमी रुंद सपाट पट्टीवरचा स्पर्श तिच्या आतल्या कडेवर जातो, आणि पोटाऐवजी पत्र्यावर एका बाजूला कापल्यासारख्या रेघा उमटतात. अशा यंत्रावर कितीही सराव केला तरी काम सुधारत नाही. घशाचंही तसंच. जाड नळी तीच ठेवून ४५० चे ६०० मिमी केले की वाकणं बरोबर दुप्पट होतं.

भंगारात ६ मिमी जाडीची १०० मिमीची नळी क्वचित सापडते, पण १०० मिमीचं सी-चॅनेल, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी तीन बाजूंची पोलादी पट्टी, मोडीत निघालेल्या शेडमधून सहज येतं. अशी दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून जोडली की १०० × १०० ची पेटी तयार होते आणि ती वरच्या जाड नळीएवढीच ताठ असते. तुकडे असे कापावेत : खांब ६०० मिमी, वरचा हात ४६० मिमी, खालचा हात ३६५ मिमी, प्रत्येक दुहेरी. कापाकापीची नासधूस धरून चॅनेल एकूण ३ मीटर लागतं आणि ते मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एकूण २८ ते २९ किलो. गंजाचे पोपडे निघणारं चॅनेल घेऊ नये. वायर ब्रशने घासून पाहिल्यावर खड्डे मिलिमीटरपेक्षा खोल दिसले तर ते बाजूला ठेवावं.

वेल्डिंग ३.१५ मिमीच्या साध्या रॉडने होतं. दोन चॅनेल जोडताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढत गेलं तर पेटी धनुष्यासारखी वाकते, कारण वेल्ड थंड होताना आखडतो. १०० मिमी सोडून ४० मिमीचे टाके, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला, असे घालावेत आणि मग मधली गाळी भरावी. गाळी भरायचा कंटाळा केला तर पेटीत खारी हवा कोंडते आणि ती आतून गंजते. म्हणून उघडी टोकंही ५ मिमी पत्र्याने बंद करावीत. खांब आणि हातांच्या आतल्या कोपऱ्यांत १० मिमी जाडीच्या १०० × १०० च्या त्रिकोणी पाट्या दोन्ही अंगांना माराव्यात. पोकळीत वाळू भरली तर आवाज दबतो, ताठरपणा वाढत नाही. त्यासाठी वजन वाढवण्यात अर्थ नाही.

पाया त्रिकोणी असावा. तीन पायांचं यंत्र शहाबादीवर काय किंवा सारवलेल्या पडवीत काय, डुगडुगत नाही. चाकांच्या स्पर्शाची जागा जमिनीपासून ११०० मिमीच्या आसपास ठेवली तर कोपर वाकवून पत्रा आडवा धरता येतो.

वरचं चाक, खालची चाकं

मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि इंजिन, गिअरबॉक्स, विंच उघडलेल्या असतात. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा ठिकाणच्या वखारींत त्या सुमारास बेअरिंगांचा ढीग चांगला असतो. वरच्या चाकासाठी ६३१४ नंबरचं बेअरिंग उत्तम. बाहेरचा व्यास १५० मिमी, रुंदी ३५ मिमी, भोक ७० मिमी. त्याची बाहेरची रिंग सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमच्या पोलादाची असते, कडक केलेली आणि घासून गोल केलेली. असं चाक नव्याने करायला मोठं ग्राइंडिंग यंत्र लागेल, इथे ते तयारच मिळतं. ६३१२ मिळालं, १३० मिमी व्यासाचं, तरी काम अडत नाही.

निवडताना गोळ्यांपेक्षा बाहेरची पाठ नीट पाहावी. उजेडात तिरकी धरून नख फिरवावं. खाऱ्या पाण्याचे काळे ठिपके नखाला लागले तर बेअरिंग फेकावं, कारण प्रत्येक खड्डा पत्र्यावर पुरळासारखा उमटेल. होडीतल्या बेअरिंगांना हा रोग जास्त, डंपर आणि ट्रकच्या गिअरबॉक्समधली सहसा स्वच्छ असतात. हलवून पाहिल्यावर खडखडणारंही नको. निवडलेलं बेअरिंग डिझेलने धुऊन, वाळवून, नवं ग्रीस भरावं. कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवू नये, गोळे कोरडे घासले जातात आणि रिंग तडकण्याचा धोका असतो. बेअरिंगला वेल्डिंगही कधी करायचं नाही. एवढ्या कार्बनचं पोलाद वेल्डच्या कडेने काचेसारखं तडकतं. भोकात ७० मिमी बाहेरचा आणि २५ मिमी आतला व्यास असलेला बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, लेथवर करून घट्ट बसवावा, त्यातून २५ मिमीचा आस, आणि आस १२ मिमी जाडीच्या दोन पाट्यांच्या काट्यात. काटा वरच्या हाताखाली चार एम १२ (१२ मिमी व्यासाच्या) बोल्टांनी लावायचा आणि बोल्टांची भोकं लांबट ठेवायची. त्याचा उपयोग पुढे येतो.

खालची चाकं मात्र करून घ्यावी लागतात. ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा ८० मिमी गोल बार घेऊन ७५ मिमी व्यास आणि ४० मिमी रुंदीची तीन चाकं लेथवर काढावीत. दोन्ही तोंडांना ४७ मिमी व्यासाचे १४ मिमी खोल खण, प्रत्येकात एक ६२०४ बेअरिंग, मध्ये २० मिमीचा आस. तिन्हींच्या पोटाच्या त्रिज्या वेगळ्या ठेवायच्या : ३००, २०० आणि १०० मिमी. लेथवाल्याकडे गोलाई काढायचं साधन नसतं, म्हणून त्याला उतार सांगावा. चाकाच्या मध्यापासून २० मिमीवर, म्हणजे कडेला, ३०० च्या चाकाला ०.६७ मिमी, २०० च्या चाकाला १ मिमी आणि १०० च्या चाकाला २ मिमी उतार हवा. मध्यापासून १० मिमीवर हेच आकडे चौथाई होतात : ०.१७, ०.२५ आणि ०.५. या मापांनी बारीक पायऱ्या काढायच्या आणि पत्र्याचा साचा लावून लावून फाइलने त्या मोडायच्या. मधली ६ मिमीची पट्टी सपाट राहू द्यावी. मग २२०, ४००, ८०० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी चिंधीवर पॉलिश. चाकात आपला चेहरा स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं नाही. चाकावरचा फाइलचा एक ओरखडा पत्र्यावर हजार वेळा छापला जातो.

हे चाक कडक केलेलं नाही. अॅल्युमिनियमला आणि ०.९ मिमीपर्यंतच्या पोलादाला ते पुरतं, पण वेल्डच्या उंच गुठळीवरून नेलं तर त्याला खळी पडते. जोड आधी ग्राइंडरने पत्र्याच्या पातळीला आणावा. मध्ये पत्रा नसताना दोन्ही चाकं एकमेकांवर दाबून फिरवू नयेत.

दाब देणारा स्क्रू

खालच्या हाताच्या टोकाला ५० × ५० मिमी, ५ मिमी जाडीची नळी २०० मिमी लांब उभी वेल्ड करावी. तिच्या आत ४० मिमी चौकोनी भरीव बार सरकतो आणि त्याच्या डोक्यावर खालच्या चाकाचा काटा बसतो. नळीच्या आतली शिवण फाइलने काढली नाही तर बार अडकतो. शिवण काढल्यावर थोडी ढिलाई येते, ती बाजूने दोन एम १० स्क्रू लावून मारावी. नळीच्या तळाला १२ मिमी पाटीवर एम २४ नट, त्यातून स्क्रू, स्क्रूला खाली पाइप, आणि पाइपला जमिनीजवळ मोडीतली ब्रेक डिस्क. डिस्क पायाने फिरवता येते. पत्रा धरायला दोन्ही हात मोकळे राहणं फार गरजेचं आहे.

एम २४ च्या आट्याचं अंतर ३ मिमी असतं. फेऱ्याचा आठवा हिस्सा फिरवला की बार ०.३७ मिमी वर येतो. आपली फ्रेम अर्ध्या मिमीला २०० किलो या हिशेबाने दाब देते, म्हणजे एवढ्याशा फिरवण्याने दाब दीडशे किलोने वाढतो. म्हणून काम करताना एक सोळांश फेरा हे माप. २५० मिमीच्या डिस्कवर ते कडेला जेमतेम ५ सेंमी होतं. डिस्कवर ऑइल पेंटने सोळा खुणा करून ठेवल्या की पायाला अंदाज येतो. तेलाचा बाटली जॅक लावण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. तो मानू नये. बाटली जॅकमध्ये दाब हळूहळू उतरतो आणि पत्र्याचं एक टोक जास्त, दुसरं कमी ताणलं जातं.

सगळं जोडल्यावर चाकांची जुळणी. पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवून दोन्ही चाकांत धरा, हलका दाब द्या आणि थोडं लोळवा. कागदावर ६ मिमी रुंद, दोन्ही कडांना सारखी गडद पट्टी उमटायला हवी. एक कड गडद आणि दुसरी फिकी दिसली तर काट्याखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून कल काढायचा. पट्टी चाकाच्या मध्यावर नसली तर लांबट भोकांतून काटा सरकवायचा. पूर्ण दाब देऊन हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण फ्रेमची खरी वर्तणूक दाबाखालीच दिसते.

पत्रा चाकावर

पहिला सराव ३०० × ३०० मिमीच्या १.२ मिमी अॅल्युमिनियमवर करावा, मग २० गेजच्या, म्हणजे ०.९ मिमीच्या, सीआर (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्यावर. कापलेल्या कडांची धार फाइलने मोडून घ्यावी, हात कापतात ते इथेच. पत्रा आणि चाकं दोन्ही चिंधीने पुसावीत. किनाऱ्याजवळच्या वर्कशॉपमध्ये चपलेबरोबर पुळण आत येतेच. रेतीचा एक कण चाकाला चिकटला की पत्र्यावर ठरावीक अंतराने टिंब उठतं. एका सरळ ओढीत दोन टिंबांतलं अंतर मोजा. सुमारे २३५ मिमी भरलं तर कण खालच्या चाकावर आहे, ४७० मिमी भरलं तर वरच्या. चाकांचे घेर तेवढेच आहेत.

दाब एवढाच ठेवायचा की पत्रा ढकलताना किंचित अडखळ जाणवेल. पत्रा २५० ते ३०० मिमी पुढे ढकला, मागे ओढताना ५ ते ६ मिमी बाजूला सरकवा, असं करत पूर्ण भाग विणून काढा. नंतर पत्रा काटकोनात फिरवून आडव्या ओळी. एका दिशेने केलं तर पत्रा पन्हळीसारखा वळतो. दोन्ही दिशांनी चार-पाच वेळा झाल्यावर पुठ्ठ्याचा साचा लावून फट पाहायची आणि फट दिसेल तिथेच पुढच्या ओळी टाकायच्या. हातांनी पत्रा वर किंवा खाली रेटायचा नाही, त्याला चाकांच्या पातळीत नुसता आधार द्यायचा. वजनाने एक बाजू झुकली की चाकाच्या कडेवर मोड पडतो आणि तो निघता निघत नाही.

चाक निवडायचा नियम असा : खालच्या चाकाचं पोट हव्या असलेल्या गोलाईपेक्षा थोडं जास्त गोल हवं. २५० मिमी त्रिज्येच्या मडगार्डच्या पाठीला २०० चं चाक. पत्रा चाकापेक्षा जास्त वळला की चाकाच्या दोन्ही कडा पत्र्याला घासून जोडओळी उमटवतात. उलट, उथळ कामाला १०० चं चाक जास्त दाबाने वापरलं तर पाठ कुळथाच्या शेतासारखी सरीसरीची होते. त्यावर इलाज म्हणजे ३०० चं चाक, निम्मा दाब आणि ओळी अगदी जवळ जवळ.

काठापासून १५ मिमी आत थांबणं नवशिक्यांना जमत नाही, आणि सगळ्यात जास्त पत्रे तिथेच बिघडतात. काठ ताणला गेला की त्याचा घेर वाढतो, मध्याला तो जास्त होतो आणि काठ परकराच्या झालरीसारखा लहरतो. उलट दोष म्हणजे मध्ये एखादा भाग जास्त ताणला जाणं. असा पत्रा अंगठ्याने दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक् करून आत जातो आणि सोडला की टक् करून बाहेर येतो. तो भाग आणखी दाबण्यात अर्थ नाही. त्याच्या भोवतालचा पट्टा हलक्या हाताने ताणला की दोघांचं माप जुळतं आणि आवाज बंद होतो.

खोल काम नुसत्या व्हीलवर करू नये. आधी वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने खड्डा पाडावा आणि मग व्हीलवर त्याच्या गाठी सपाट कराव्यात. पिशवी जाड ताडपत्रीची, दुहेरी शिवणीची, तीन-चतुर्थांश भरलेली. वाळू नदीची, चाळून वाळवलेली घ्यावी. पुळणीतली वाळू घेतली तर तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं, पिशवी पावसाळाभर दमट राहते आणि तिच्यावर ठेवलेला पत्रा एका रात्रीत तांबडा होतो. काठ आवळायचा असेल तर मोदकाच्या कळ्यांसारखं करायचं. पक्कडीने काठाला लहान चुणी पाडायची आणि चुणीचं टोक दाबून धरून ती मोगरीने आतल्या बाजूकडून बाहेर ठोकत आणायची, म्हणजे धातू पसरायच्या ऐवजी स्वतःतच जिरतो. चुणी दुमडून एकावर एक बसू दिली तर तिथे चीर जाणार हे नक्की.

ताणता ताणता पत्रा कडक होतो. धातूच्या स्फटिकांतले दोष एकमेकांत अडकतात आणि सरकणं बंद होतं. दाब वाढवूनही साच्यातली फट तशीच राहिली की हे ओळखावं. अॅल्युमिनियम अशा वेळी तापवून मऊ करता येतं, पण ते लाल न होता ६६० अंशांना एकदम वितळतं, डोळ्यांना काही सूचना मिळत नाही. त्यासाठी पत्र्यावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासायची आणि गॅसची ज्योत सतत फिरवत ठेवायची. साबण गडद तपकिरी झाला की ज्योत काढायची. तांबं मंद लाल होईपर्यंत तापवावं, मग पाण्यात बुडवलं काय किंवा तसंच गार होऊ दिलं काय, मऊपणात फरक पडत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मात्र कधीच तापवू नये. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

पूर्ण झालेला पोलादी भाग त्याच दिवशी थिनरने पुसून प्रायमर मारावा. बोटांच्या घामाचे ठसे जून-जुलैच्या हवेत दुसऱ्या सकाळी गंजाच्या रूपाने दिसतात. काम नसताना दाब पूर्ण सोडून ठेवावा. वरच्या चाकाला ग्रीस चोळून तेलकट कापड गुंडाळावं. खालची चाकं काढून, डिझेलने पुसून, ग्रीस लावलेल्या कागदात एकेक वेगळी गुंडाळावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्या आत रात्री दव धरतं. गणपतीनंतर डबा उघडताना पॉलिश केलेल्या पट्टीवर एक जरी तांबडा ठिपका दिसला, तर पत्रा लावण्याआधी ८०० चा पेपर काढावा.